अर्धं दाबून थांबा

मिनेझिसच्या काचेवर दोन काळे कॅमेरे,
दोघांच्या तोंडाला तीच अठरा-पंचावन्न.
मी हेल्मेट काखेत धरून उभा.
बाहेर माझी पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल
आणि म्हापशाचा शुक्रवार,
म्हणजे भाडी सोडून आलोय.

ग्लेन सांगतो, ह्याला चोवीस मेगापिक्सल, त्याला अठरा.
ह्याचे फोकसचे ठिपके अकरा, त्याचे नऊ.
तो दोन हजारांनी स्वस्त, वर पिशवी फुकट.
मी मान हलवतो,
गिऱ्हाईक भाडं ऐकून हलवतं
आणि चालायला लागतं, तशी.

तसे कॅमेरे मला नवे नाहीत.
एकवीस वर्षं चापोऱ्याच्या किल्ल्यावर माणसं नेतोय,
वर पोचलं की जो तो म्हणतो,
पायलट, एक फोटो.
त्यांचा पट्टा माझ्या गळ्यात येतो
दोन मिनिटांसाठी,
अजून त्यांच्या घामाने कोमट.
पुण्याची जोडपी, रशियन म्हाताऱ्या,
बेळगावचे नऊ भाऊ एका रांगेत,
त्यांतल्या उंचाला मीच खाली बसवला.
एका जर्मनाने शिकवलं,
अर्धं दाब, थांब, टिक् झालं की पुरं दाब.
त्याआधीचे माझे सगळे फोटो
कुठल्या कुठल्या भिंतींवर
अस्पष्ट लटकत असतील.

माझ्याकडे एकही नाही.

"दमट हवेत कुठला टिकतो?"
ग्लेन पहिल्यांदाच कॅमेऱ्यावरून नजर काढून
माझ्याकडे बघतो.
आतून म्हातारे मिनेझिस येतात,
खणातून एक जुनी लेन्स काढून उजेडाकडे धरतात.
आत बुरशी, बारीक पांढरी,
कोळ्याने विणायला घेऊन सोडून दिल्यासारखी.
"पायलट, जून ते सप्टेंबर दोघंही सारखेच मरतात.
तांदळाच्या डब्यात ठेव."
शेवंतीचं बोलणं मला इथूनच ऐकू येतं,
आणि तांदूळ कुठे ठेवू?
तुमच्या फुकटच्या पिशवीत?

दोन्ही घेऊन मी दारात.
ग्लेन मागे, पट्टे धरून.
समोर स्टँडवर कायतान,
पाय टाकीवर, तोंडात बडीशेप.
एक ह्याने काढला. एक त्याने.
ह्यात कायतानच्या शर्टाचे टाके मोजता येतात,
पण डोळे मिटलेत.
त्यात डोळे उघडे,
पण माणसाला कावीळ झालेली.
"खंयचो बरो?" तो तिकडून ओरडतो.
तोंड तुझं दोन्हींत तेच, बाबा.

मग मी बघणं सोडलं,
डोळे मिटून नुसतं बटण दाबलं.
ह्याचा आवाज कागद टरकावल्यासारखा.
त्याचा खट्-चक्,
साइड स्टँड पायाने वर घेतो ना,
अगदी तसा,
निघालो म्हणणारा.

अकरा ठिपके काचेवरच राहिले.
शेवटचे चौदाशे मी दहा-दहाच्या नोटांत मोजले,
म्हातारे मिनेझिस न कंटाळता मोजत बसले.
का घेतला ते ग्लेनला नाही सांगितलं.
म्हटलं, पिशवी आवडली.

रविवारी चापोऱ्यावर सुरतेच्या एक बाई.
त्यांनी मोबाइल पुढे केला,
मी चार काढले, एक आडवा.
मग गळ्यातला पट्टा उतरवून
त्यांच्या हातात दिला.
बाई, एक फोटो.
वरचं बटण. अर्धं दाबून थांबा.

त्या थांबल्या नाहीत.

फोटोत समुद्र उताराला लागलाय,
कोपऱ्यात बाईंचा अंगठा,
मधे मी, जरा पुसट,
हेल्मेट डोक्यावरच राहिलेलं.
ग्लेन म्हणाला, डिलीट कसं करायचं ते दाखवू?
म्हटलं, नंतर दाखव.